पुदिन्याला बी नाही, म्हणजे कंपनीचा कट?

मावशीने परवा कुंडीतला पेपरमिंट मुळासकट उपटून टाकला. कारण एक फिरता मेसेज: ‘तेलाचा पुदिना कंपन्यांनी जीन बदलून वांझ केलाय. बी धरत नाही, बघा!’ खाली आणखी चार मुद्दे आणि ‘पुढे पाठवा’ची आज्ञा. मावशीने ती पाळली, मला धरून तेवीस जणांना.

आधी ते वांझपण. पेपरमिंटला सहसा बी धरत नाही, एवढं खरं. पण हे रोप मुळात संकर आहे, पाणपुदिना आणि स्पिअरमिंट या पुदिन्याच्याच दोन जातींचा. पाणपुदिन्याची गुणसूत्रं ९६, स्पिअरमिंटची ४८. दोघांकडून निम्मी निम्मी आली, ४८ आणि २४, झाली ७२. आता या दोन गटांच्या धड जोड्या लागत नाहीत, म्हणून परागकण आणि बीजांडं तयार होतानाच घोळ होतो. यात कंपनी कुठे आली? इंग्लंडमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे यांनी पेपरमिंटची नोंद केली १६९६ साली. तेव्हा ‘जीन’ हा शब्दसुद्धा नव्हता.

आणि कट म्हणावा तर किती बावळट! शेतकऱ्याला दरवर्षी दारात उभं करायचं असेल, तर हे रोप कोण निवडेल? दोन पेरांचा बोटभर तुकडा पाण्यात ठेवा, थोड्याच दिवसांत पेरातून पांढरी मुळं फुटतात. एकदा लावलं की ते आवरायचं कसं, हाच प्रश्न पडतो.

‘किरणोत्सर्गातून काढलेली जात’ हा मुद्दा मात्र, नाइलाजाने कबूल करतो, अर्धा खरा आहे. अमेरिकेत व्हर्टिसिलियम बुरशीच्या मर रोगाने पेपरमिंटची शेतं बसू लागली. बीच नाही, तर संकर करणार कसा? म्हणून १९५० च्या दशकात ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत खोडांवर किरणांचा मारा केला, रोपं रोगट मातीत लावली आणि तगलेल्यांतून पुढे ‘टॉड्स मिचम’ ही जात निघाली. पण किरण झेलले ते तेव्हाच्या त्या खोडांनी; त्यांच्यापासून पुढे वाढत आलेल्या रोपांत किरणोत्सर्ग उरत नाही, तेलात तर दूरच. काळजीच करायची हौस असेल तर वेगळी गोष्ट आहे: मिचम जातीच्या पेपरमिंटच्या शेतातलं प्रत्येक रोप म्हणजे एकाच रोपाचा तुकडा. एकाला जो रोग मारतो, तो सगळ्यांना मारतो. म्हणून तर संशोधक रानटी नातेवाइकांकडे वळले. त्यातल्या मेंथा लाँगिफोलियाची गुणसूत्रं फक्त २४, तिला बी धरतं, आणि २०१७ मध्ये तिच्या जनुकसंचाचा आराखडाही प्रसिद्ध झाला. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

‘सगळा पुदिना एकच, नावं बदलून धंदा.’ नाही. पानातल्या लिमोनीन या एकाच पदार्थाच्या सहाव्या कार्बनवर ऑक्सिजन बसला की स्पिअरमिंटला वास देणारं कार्व्होन होतं. तिसऱ्यावर बसला की वाट पेपरमिंटच्या मेंथॉलकडे जाते. दोन्ही पानं चुरगळून हुंगा.

‘थंडीत तेलात सुया दिसल्या तर मेण मिसळलंय.’ ते मेंथॉल आहे! जपानी पुदिन्याच्या तेलात ते साधारण ७० ते ८० टक्के असतं, आणि कारखान्यातही तेल गार करूनच ते वेगळं काढतात.

शेवटच्या मुद्द्याने मात्र डोकं फिरलं. ‘तेल शुद्ध असेल तर तान्ह्याच्या नाकाखाली थेंब लावा, काही होत नाही.’ होतं. मेंथॉलने तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र आवळून श्वास अडू शकतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने पेपरमिंटचं तेल दोन वर्षांखालच्या मुलांना साफ वर्ज्य ठरवलंय, ते याचसाठी. इथे शुद्धतेचा काय उपयोग? भेसळ नाही म्हणजे मेंथॉल पुरेपूर आहे.

मावशीच्या त्या तेवीस जणांपैकी दोन घरांत तान्ही बाळं आहेत. आधी त्यांना फोन केले, मग हे लिहायला बसलो.