शार्क वाचवण्याचे घरगुती उपाय

सगळ्यात आधी गुन्हेगार ठरवून घ्या. तो चिनी असावा, श्रीमंत असावा आणि मुख्य म्हणजे लांबचा असावा. हाँगकाँगमधल्या एखाद्या लग्नात शार्कच्या परांचं सूप ओरपणारा माणूस यासाठी अगदी योग्य, कारण त्याला समजवायला जायची वेळ आपल्यावर कधीच येणार नाही. मग तो व्हिडिओ बघा. बोटीवर जिवंत शार्कचे पर कापतात, धड पाण्यात ढकलून देतात. त्याला पोहता येत नाही, कल्ल्यांतून पाणी खेळत नाही, आणि तो तळाशी गुदमरून मरतो. 'काय एकेक लोक असतात' म्हणून हळहळा आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवा. फक्त सकाळी आठच्या आत नको, सुप्रभातच्या गुलाबांत हरवतो.

सूपाबद्दल थोडी माहिती हाताशी असू द्या, पार्टीत चारचौघांत बोलायला बरी पडते. पराला स्वतःची चव नसते. वाटीत असतात ते नुसते बुळबुळीत धागे. चव येते ती कोंबडीच्या रश्शाची. म्हणजे चवीसाठी कोंबडी मेली, आणि शार्क मेला तो यजमानाची ऐपत दाखवायला. हे सांगताना आपल्याकडच्या लग्नांचा विषय निघणार नाही एवढी काळजी घ्या. याओ मिंग या चिनी बास्केटबॉलपटूने 2006 मध्ये हे सूप सोडल्याचं जाहीर केलं, त्याविरुद्ध जाहिराती केल्या, आणि 2013 मध्ये चीन सरकारने सरकारी मेजवान्यांतून ते हद्दपार केलं, ही बातमी मात्र दाबून ठेवा. गुन्हेगारच सुधारायला लागला, तर लोक आपल्याकडे बघू लागतील.

शिवडीचं नाव निघालं तर ताबडतोब फ्लेमिंगोंवर घसरा. कारण 2018 च्या सप्टेंबरात महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, शिवडीचं एक गोदाम आणि गुजरातेतलं वेरावळ इथून मिळून सुमारे 8,000 किलो सुके पर पकडले होते. ते चीन-हाँगकाँगला निघाले होते, कागदोपत्री दुसराच माल म्हणून. शार्कच्या परांची निर्यात देशभर बंद झाली 2015 च्या फेब्रुवारीत. याचा अर्थ कायदा कडक आहे, असा घ्यायचा. कायदा असला की नागरिकाचं काम संपतं. तसं पाहिलं तर बहिरी, म्हणजे व्हेल शार्क, 2001 पासून वाघाच्या पंगतीत बसलेली आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शिरलेला हा पहिला मासा. मारली तर तीन ते सात वर्षं आत. आणि 2013 पासून नियम असा, की शार्क किनाऱ्यावर यावा तो परांसकट.

इथे आपली छाती फुगायला हरकत नाही. कारण आपल्याकडे मुशी, म्हणजे आपल्या बाजारातला शार्क, पहिल्यापासून परांसकटच येते. त्या व्हिडिओतल्या बोटींसारखं धड फेकून द्यायचा माज आपल्या कोळ्याला परवडत नाही. मांस ताजं विकलं जातं, उरलेलं खारवून वाळवलं जातं, आणि पर बंदरावर वेगळे होऊन व्यापाऱ्याकडे जातात. काही म्हणजे काही वाया जात नाही. मेलेल्या मुशीला याचं केवढं समाधान वाटत असेल! भारत हा जगात सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांपैकी एक आहे, पण पकडणं वेगळं आणि क्रूरपणे पकडणं वेगळं, हा फरक तुम्ही चिवटपणे लावून धरा. समोरचा कंटाळून विषय बदलेल.

एवढं बोलून झालं की भूक लागते. 'शार्क वाचवा'च्या ऑनलाइन अर्जावर सही करा आणि दादरला नाहीतर गिरगावात एखाद्या मालवणी खानावळीत जाऊन मोरी मसाला, म्हणजे मुशीचाच रस्सा, मागवा. कोवळी आहे का, ते आवर्जून विचारा. कोवळी म्हणजे जिला पिल्लं व्हायची होती, ती. बोंबील-मांदेली झटपट वाढतात आणि हजारोंनी अंडी घालतात. मोठ्या जातीच्या मुशीला वयात यायलाच कित्येक वर्षं लागतात, मग वर्षभराच्या आसपास गर्भ सांभाळायचा आणि मोजकी पिल्लं टाकायची. असा कारभार असल्यावर जात मागे पडणारच, यात वडे-कोंबडीऐवजी मोरी मागवणाऱ्या तुमचा काय दोष! घरात बाळंतीण असेल तर तिला मुशी हवीच, दूध चांगलं येतं. मोठ्या मुशीच्या मांसात पारा साठतो, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी ती टाळावी, असं डॉक्टर मंडळी सांगतात. डॉक्टरांना काय कळतं, आजी सांगते ते करा.

बाजारात मासेवाल्या मावशीला दोनच प्रश्न विचारायचे: ताजी आहे का, आणि किती कमी करणार. जात कुठली, आली कुठून, एवढी लहान का घेतली, असले प्रश्न विचारू नका. चार गिऱ्हाइकांनी लहान मुशी नको म्हटलं तर मावशी उद्या लिलावात ती उचलणार नाही, परवा बोटीच्या तांडेलाला भाव मिळणार नाही, आणि अशाने बाजाराची घडी विस्कटते. कानमुशी, म्हणजे हॅमरहेड शार्क, तर हातोड्यासारख्या डोक्यावरून शेंबडं पोरही ओळखेल. तिच्या तीन जाती 2013 मध्ये साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत घ्यायचं ठरलं, त्या परवान्याशिवाय परदेशी जाऊ शकत नाहीत. म्हणून तर तुकड्या करून घ्यायच्या. तुकडी झाली की सगळ्या मुशी सारख्या, आणि वाळलेल्या पराची जात सांगायला तर बऱ्याचदा डीएनए चाचणीच लागते.

क्रीमच्या डबीवर स्क्वालेन नावाचं तेल लिहिलेलं असेल, तर ते ऊस-ऑलिव्हचं आहे की खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृताचं, हे विचारत बसू नका. शार्कला कॅन्सर होत नाही असं सांगून विकलेल्या शार्कच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ हाडाच्या, गोळ्या मात्र घ्या. शार्कला कॅन्सर होतो, हे गोळीला माहीत नसतं.

कोणाला तरी शिव्या घालायच्याच असतील तर सातपाटीपासून ससून डॉकपर्यंत कोळी आहेत. ट्रॉलरच्या जाळ्यात जे येईल ते येतं, मुशी मुद्दाम कोणी बोलावत नाही, हे ऐकून घेऊ नका. तिकडे गुजरातेत मच्छीमार यकृताच्या तेलासाठी बहिरी मारत. रामकथाकार मोरारी बापूंनी ती माहेरी आलेली लेक आहे असं सांगितलं, आणि तेच लोक जाळी कापून तिला सोडू लागले. मुंबईत असं काही होईल अशी आशा बाळगू नका, इथे लेक माहेरी आली तरी पार्किंग मिळत नाही.

आपल्या राज्यातही जाळं कापणाऱ्याला पैसे देण्याची योजना आहे, 2018 पासून. जाळ्यात बहिरी, डॉल्फिन किंवा कासव अडकलं, कोळ्याने जाळं कापून ते सोडलं आणि पुराव्याला फोटो-व्हिडिओ दिला, तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे पैसे वेळेवर मिळतात का, पुढे बाकीच्या मुशींनाही ही सवलत लागू करता येईल का, हे तुम्ही विचारू शकता. माहितीच्या अधिकाराचा अर्ज असतो, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. तो स्टँप कुठे मिळतो हे शोधण्यात अर्धा दिवस जाईल, अर्ज मराठीत लिहायचा म्हणजे 'महोदय'नंतर पेन अडेल, आणि उत्तर आलंच तर ते वाचावं लागेल. त्यापेक्षा शार्क छापलेला टी-शर्ट मागवा, घरपोच येतो. रंग निळा घ्या. वर्सोव्याच्या चौपाटीवर फोटो काढलात तर मागचं पाणी काळपट आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.