खालच्या गावाला दाद मागायची जागा हवी

नदीत मैला सोडणं कुठल्याही शहराने आपणहून थांबवलेलं नाही. इंग्लंडच्या नद्यांचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास गेले काही महिने वाचतोय, आणि माझं हे मत आता पक्कं झालंय. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

आपल्याकडे नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की कुणीतरी लंडनचं उदाहरण देतंच. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सला एवढी दुर्गंधी सुटली की पार्लमेंटात बसवेना. खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून टांगले. हैराण झालेल्या खासदारांनी घाईघाईने कायदा केला, जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने शहराखालून मोठमोठी गटारं बांधली आणि नदी वाचली. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं खरं आहे. बॅझलजेटचं काम अफाट होतं आणि लंडनमधून कॉलरा गेला त्यात त्याचा मोठा वाटा आहे, याबद्दल वाद नाही. पण त्या गटारांनी मैला साफ केला नाही. शहराच्या पूर्वेला बेक्टन आणि क्रॉसनेसपर्यंत नेला, टाक्यांत साठवला आणि ओहोटीच्या तोंडावर नदीतच सोडला. खासदारांच्या नाकाखालचा त्रास उचलून खालच्या अंगाच्या लोकांच्या दारात नेऊन ठेवला, एवढंच झालं.

३ सप्टेंबर १८७८ च्या संध्याकाळी 'प्रिन्सेस ॲलिस' ही सहलीहून परतणारी बोट त्याच पट्ट्यात एका मालवाहू जहाजाला धडकून बुडाली. सहाशेच्या वर माणसं गेली, त्यात बायका आणि लहान मुलं खूप होती. त्याच्या तासभर आधीच साठवलेला मैला नदीत सोडलेला होता. तिथल्या पाण्याचं वर्णन वाचवत नाही. त्यातून बाहेर काढलेले काही जणही पुढच्या दिवसांत दगावले. पुढे आयोग बसला, आणि १८८७ पासून मैल्यातला गाळ वेगळा करून जहाजाने समुद्रात टाकायला सुरुवात झाली. म्हणजे पुन्हा आणखी खाली.

शहरांना सरसकट खलनायक ठरवण्यात अर्थ नाही, हेही सांगतो. आधी घराघरांचा मैला खड्ड्यांत साठायचा, रात्री उपसला जायचा, शेतात खत म्हणून जायचा. लोकसंख्या वाढली तशी ही व्यवस्था कोलमडली. खड्डे भरून वाहू लागले, विहिरींत झिरपू लागले, माणसं पटापट मरू लागली. एडविन चॅडविक या आरोग्य सुधारकाने १८४२ च्या अहवालात सांगितलं की घाण पाण्याने वाहून शहराबाहेर न्या. ते पाणी शेतीला द्यावं, अशी त्याची कल्पना होती. गटारं बांधली गेली, शेतीचा भाग बहुतेक ठिकाणी राहून गेला. नदी जवळ होती आणि फुकट होती.

आता बर्मिंगहॅमकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या प्रकरणाने. शहराने १८५१ च्या कायद्याने अधिकार घेऊन गटारं बांधली आणि त्यांचं तोंड टेम या लहानशा नदीत सोडलं. टेम म्हणजे काही थेम्स नव्हे, तिच्यात शहराची घाण पचवण्याइतकं पाणीच नव्हतं. तिथून सात मैलांच्या आसपास खाली हॅम्स हॉल ही चार्ल्स ॲडर्ली यांची जहागीर. मासे मेले, गुरं नदीच्या पाण्याला तोंड लावीनात, मेंढ्या धुवायची सोय राहिली नाही. ॲडर्ली कोर्टात गेले.

पालिकेच्या वकिलांनी मांडलेला बचाव मी दोनदा वाचला, कारण तो आजही आपल्याकडे जसाच्या तसा ऐकू येतो. अडीच लाख वस्तीचं शहर आहे, गटारं बंद केली तर सगळं शहर एक मोठा मैल्याचा खड्डा होईल, रोगराई देशभर पसरेल, एका माणसाच्या नदीसाठी एवढ्यांचा जीव धोक्यात घालणार का? न्यायाधीश विल्यम पेज वुड यांनी १८५८ मध्ये दिलेल्या निकालाचा मथितार्थ असा: बाधा अडीच लाखांना होते की एकट्याला, याने कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, सार्वजनिक सुरक्षेची समिती म्हणून मी इथे बसलेलो नाही. संसदेने पालिकेला गटारं बांधायचा अधिकार दिला होता, दुसऱ्याचं पाणी नासवायचा दिला नव्हता. मनाई हुकूम निघाला.

हुकूम निघाला म्हणून नदी दुसऱ्या दिवशी स्वच्छ झाली नाही, आणि कोर्टानेही एका रात्रीत गटारं बुजवायला लावली नाहीत. मुदत दिली, मुदत वाढवली, पण तलवार टांगती ठेवली. पालिकेने सॉल्टलीला गाळ बसवायच्या टाक्या बांधल्या. त्या पुरल्या नाहीत, गाळाचे ढीग साचले, आता शेजारचे लोक ओरडू लागले. ॲडर्ली पुन्हा कोर्टात. १८७१ मध्ये पालिकेला स्वतःची चौकशी समिती नेमावी लागली. १८७७ मध्ये बर्मिंगहॅम आणि त्याच खोऱ्यातल्या आसपासच्या गावांचं मिळून एक मंडळ झालं, आणि पुढे हजार एकरांच्या वर जमिनीवर मैलापाणी जिरवलं जाऊ लागलं. हे सगळं १८९० च्या दशकापर्यंत चाललं. जवळजवळ चाळीस वर्षं! पण या काळात शहराने जे जे केलं, त्यामागे तो हुकूम होता. तो नसता तर 'निधी नाही' या दोन शब्दांवर विषय संपला असता.

यात एक गोष्ट मला खुपते. ॲडर्ली जमीनदार होते, खासदार होते, वर्षानुवर्षं वकिलांची फी भरायची त्यांची ऐपत होती. टेमच्याच काठावर राहणाऱ्या एखाद्या मजुराला हे जमलं असतं का? आणि नदीवरचा भार कमी करायला बर्मिंगहॅमने १८७० च्या दशकात गरीब वस्त्यांमध्ये संडासाखाली बादल्या ठेवायची पद्धत आणली, त्या हजारो बादल्या रात्री उचलून गाड्यांत ओतणारी माणसं कोण होती? आपल्या देशात हे काम कुणाच्या डोक्यावर लादलं गेलं हे माहीत असलेल्या कुणालाही हा तपशील सहज ओलांडून पुढे जाता येणार नाही. नदी वाचवायचा खर्च सगळ्यात तळच्या माणसाकडून वसूल करायची सवय जुनी आहे आणि ती मला मान्य नाही.

कोर्टाची वाट सगळ्यांना परवडत नाही म्हणून तर कायदा हवा. १८६५ पासून सरकारी आयोगांनी नद्या फिरून पाहिल्या. यॉर्कशरमधल्या एअर आणि कॅल्डर नद्यांवरच्या अहवालात एक चिठ्ठी जशीच्या तशी छापलेली आहे. वेकफिल्डच्या एका नागरिकाने कॅल्डरला शहराचं गटार मिळतं तिथलं पाणी घेतलं, त्यातच टाक बुडवला आणि चिठ्ठी लिहिली. शाई नाही, नदीचं पाणी! अक्षरं सहज वाचता येतात. ही चिठ्ठी त्याने तिथल्या आरोग्य मंडळाला अर्पण केली आणि कागदाबरोबर वासही पाठवता आला असता तर बरं झालं असतं, असं लिहिलं. शेकडो पानांच्या साक्षींपेक्षा हा एक कागद मला जास्त मोलाचा वाटतो.

एवढं सगळं समोर असताना १८७६ चा नदी प्रदूषण प्रतिबंधक कायदा आला आणि वाया गेला. त्याने नदीत मैला सोडणं गुन्हा ठरवलं खरं, पण गटार जुनं असेल आणि पालिका 'शक्य ते उत्तम उपाय' करत असेल तर सूट दिली. कारखान्यांवर कारवाई करायची तर वरिष्ठ सरकारी मंडळाची परवानगी घ्या. आणि अंमलबजावणी कुणाकडे? त्याच स्थानिक पालिकांकडे, ज्यांची गटारं नदीत उघडत होती. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या. पालिकेने शेजारच्या पालिकेवर खटला भरावा कशाला, उद्या तीही भरेल. त्यामुळे जवळजवळ कुणीच भरला नाही.

गाडी खऱ्या अर्थाने पुढे सरकली ती १८८८ नंतर. काउंटी कौन्सिलं, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदांसारख्या संस्था, आल्या, त्यांना हा कायदा राबवायचा अधिकार मिळाला आणि अनेक काउंट्यांनी एकत्र येऊन एका नदीसाठी एक समिती करायची मुभा मिळाली. १८९१ मध्ये मर्सी आणि अर्वेल नद्यांची संयुक्त समिती, १८९३ मध्ये यॉर्कशरमधल्या वेस्ट रायडिंगचं नदी मंडळ. यांच्याकडे स्वतःचे निरीक्षक होते, रसायनतज्ज्ञ होते, आणि मुख्य म्हणजे यांचं स्वतःचं एकही गटार नदीत उघडत नव्हतं. काठाने फिरायचं, नमुने घ्यायचे, नोटिसा काढायच्या, ऐकलं नाही तर कोर्टात खेचायचं. या मंडळांची नावं कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. बॅझलजेटचा पुतळा थेम्सकाठी आहे. माझ्या मते नद्यांवर जास्त उपकार या निरीक्षकांचे आहेत.

मग तंत्रज्ञानही आलं, कारण आता त्याला गिऱ्हाईक होतं. एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने सेप्टिक टँक बांधला. त्याची लाट मुंबईपर्यंत आली: १८९७ च्या सुमारास माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस धरून त्यावर इंजिन चालवलं गेलं होतं. आपल्याच मुंबईत, सव्वाशे वर्षांपूर्वी. १९१२ मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगाने आकडा ठरवून दिला: पुरेसं पाणी असलेल्या नदीत सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे तरंगता गाळ ३० मिलिग्रॅमच्या आत आणि बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला जेवढा ऑक्सिजन खाते तो, २० च्या आत. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी जिवंत गाळाची पद्धत मांडली, म्हणजे हवा देऊन गाळातल्या जिवाणूंकडून मैला साफ करून घ्यायची. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत शिकवायला आले. आपल्या शहरांतल्या कितीतरी एसटीपींमध्ये, म्हणजे मैलाशुद्धीकरण केंद्रांमध्ये, आज जो हवा मारलेला तपकिरी गाळ फिरताना दिसतो, त्याचं मूळ तिथलं आहे. 'आपल्याकडे तंत्र नाही' हे कारण शंभर वर्षांपूर्वीच संपलंय.

कायदाही आपल्याकडे उशिरा आला असं नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ मध्येच केला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षं आधी. पण केंद्राच्या कायद्यात खटला भरायची वाट बराच काळ फक्त प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फतच होती. साध्या माणसाला साठ दिवसांची नोटीस देऊन थेट कोर्टात जायची मुभा १९८८ च्या दुरुस्तीने मिळाली. त्याच वर्षी कानपूरच्या मैल्यावरून वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडच्या डर्बीतल्या मासेमारांच्या खटल्याचा आधार घेतला. तिथेही शहराचं मैलाशुद्धीकरण केंद्र अपुरं पडत होतं, शहर वाढलं म्हणून आम्ही काय करणार, असा बचाव होता, तरी मनाई हुकूम निघाला होता. आणि आपलं न्यायालय एक पाऊल पुढे गेलं. मेहतांची गंगेकाठी जमीन नव्हती, तरी नदीचं पाणी वापरणाऱ्यांच्या जिवासाठी त्यांना दाद मागता येते, असं ते म्हणालं. ॲडर्लींकडे जहागीर होती म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. आपल्याकडे ती अट गेली.

माझं गाव कृष्णा खोऱ्यातल्या एका नदीच्या खालच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात नदीवर जलपर्णी पसरते, मासे तडफडून वर येतात, नदीतून पाणी उचलायच्या जॅकवेलजवळ उभं राहवत नाही. दरवेळी वरच्या शहराकडून एकच उत्तर येतं: डीपीआर (प्रकल्पाचा सविस्तर अहवाल) तयार आहे, निविदा निघतेय. शहराचं शुद्धीकरण केंद्र चाललं की नाही याची माहिती शहरच देणार, आणि आम्ही ती खरी मानायची. मला हे नको आहे. मला पूर्ण खोऱ्यासाठी एक मंडळ हवंय, ज्याच्यात खालच्या ग्रामपंचायतींची माणसं मतासह बसतील, ज्याचे निरीक्षक शहराच्या पगारावर नसतील आणि ज्याचे आकडे रोज गावाच्या फळ्यावर लागतील.

ते होईपर्यंत साठ दिवसांची नोटीस आपल्या हातात आहे. एका वकील मित्राबरोबर मसुदा करतोय. नदीकाठच्या ज्या गावांना सही करायची आहे त्यांनी गेल्या उन्हाळ्यातले मेलेल्या माशांचे, नाल्याच्या तोंडाचे फोटो तारखेसह जपून ठेवा, दवाखान्यातल्या कावीळ-जुलाबाच्या नोंदींची माहिती अधिकारात मागणी करा, ग्रामसभेचा ठराव करून घ्या आणि मला मेसेज करा. ठरावाचा नमुना कमेंटमध्ये टाकतोय.