बोट कॅमेऱ्यावर, गाठ फुफ्फुसात

‘सीटी स्कॅन रद्द केला रे. फोनवरच तपासलं, हिरवं आलंय.’ काल रात्री काकांचा फोन. पस्तीस वर्षांची सिगारेट, महिनाभर न हटणारा खोकला, आणि विश्वास कशावर? ग्रुपवर आलेल्या एका ॲपच्या मेसेजवर. त्यात म्हटलं होतं: कॅमेऱ्यावर बोट ठेवा, फ्लॅशचा प्रकाश आणि एआय मिळून फुफ्फुसाचा कॅन्सर ९५ टक्के अचूक ओळखतात. सीटीच्या किरणांनीच कॅन्सर होतो. हिरवं आलं की पाच वर्षं बिनघोर.

आधी प्रकाशाचं. फ्लॅशच्या उजेडात कॅमेऱ्याला दिसतं ते बोटाच्या टोकातलं रक्त, दर ठोक्याला कमी-जास्त होणारं. त्यावरून नाडी मोजता येते. छातीतल्या सेंटीमीटरभर गाठीची खबर तिथे पोचतच नाही. अशी गाठ असताना रक्तातला ऑक्सिजनसुद्धा व्यवस्थित असतो.

आता ते ९५ टक्के. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक लोकांवर मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०११ साली आले. सगळे ५५ ते ७४ वयाचे, रोज पाकीटभर या हिशेबाने किमान ३० वर्षं सिगारेट ओढलेले. अशा लोकांतही सीटीच्या पहिल्या फेरीत कॅन्सर सापडला तो शंभरात साधारण एकाला. म्हणजे जे ॲप काहीही न तपासता प्रत्येकाला हिरवं दाखवेल, ते ९९ टक्के ‘अचूक’! फक्त ज्या एकासाठी तपासणी होती, तोच निसटेल. मी बोटाऐवजी खोडरबर ठेवून पाहिलं. हिरवं. खोडरबराची फुफ्फुसं ठणठणीत आहेत.

किरणांचं म्हणाल तर तपासणीचा कमी मात्रेचा सीटी साधारण दीड मिलिसिव्हर्टचा (किरणांची मात्रा मोजायचं एकक). निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ असेच मिळतात. धोका शून्य नाही, पण त्याच अमेरिकी चाचणीत साध्या एक्स-रेच्या तुलनेत सीटीच्या गटात फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले.

बरं, सीटीही काही देव नाही. त्याच चाचणीत संशयास्पद निघालेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निकाल फुकटचे घोर ठरले. इथे एआयची मदत होऊ शकते, आणि श्वासातल्या वायूंनी रंग बदलणाऱ्या ठिपक्यांवरून कॅन्सर ओळखण्याचं संशोधनही खरंच चालू आहे. पण त्यात श्वास गोळा करावा लागतो, खास सेन्सर लागतो, आणि संशय आला की शेवटी सीटी आणि बायोप्सीच, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. मेसेज लिहिणाऱ्याने तिथलाच धागा उचलून बोटाला गुंडाळला असावा.

‘पाच वर्षं बिनघोर’ मात्र निव्वळ घातक. त्या चाचणीत खुद्द सीटीसुद्धा तीन वर्षं दरवर्षी केला होता, एकदाच नव्हे. शिवाय ती माणसं लक्षणं नसलेली. काकांना खोकला आहे. त्यांचा सीटी चाळणीसाठी नव्हताच, खोकल्याचं कारण शोधायला होता. ते मी त्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा काकूंनी फोन घेतला, आणि गुरुवारची वेळ ठरली.