पगार मिळाला नाही असं नाही, त्यांनी तो नाकारला

अमेरिकन यादवीतल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीवरचा एक मजकूर दर काही महिन्यांनी फोनवर येऊन पडतो. आशय असा: ही अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय पलटण. मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना एका तरुण गोऱ्या कर्नलने शिपाई बनवलं. फोर्ट वॅग्नरवर शेवटचा माणूस पडेपर्यंत लढून त्यांनी किल्ला घेतला. आणि हे सगळं एक छदामही न घेता, कारण देशभक्तीला पगार लागत नाही. खाली सलाम ठोकणाऱ्या हाताचं चित्र.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या चार विधानांपैकी तीन कच्ची आहेत आणि चौथं चक्क उलटं आहे.

पहिलेपणाचं लवकर आटपतं. न्यू ऑर्लिन्समध्ये लुइझियाना नेटिव्ह गार्ड सप्टेंबर १८६२ मध्येच फेडरल, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात दाखल झालं होतं. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला कॅन्ससचे काळे स्वयंसेवक मिसुरीत आयलंड माउंड इथे लढलेही होते. २७ मे १८६३ रोजी नेटिव्ह गार्डने मिसिसिपीकाठच्या पोर्ट हडसनवर हल्ला चढवला आणि त्यात आंद्रे कायू हा काळा कॅप्टन पडला. ५४वी पलटण बॉस्टनच्या धक्क्यावरून बोटीत चढली ती २८ मेला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. उत्तरेतल्या राज्यांत उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या पलटणींत तिचं नाव घ्या, काही हरकत नाही.

आता गुलामांचं. पलटणीत जन्माने गुलाम असलेले लोक होते. पुढे ज्याचं नाव येणार आहे तो विल्यम कार्नी व्हर्जिनियातल्या नॉरफोकला गुलामीतच जन्मला. पण बहुसंख्य शिपाई उत्तरेतले स्वतंत्र नागरिक होते: शेतकरी, मजूर, न्हावी, खलाशी. नाव मॅसॅच्युसेट्सचं असलं तरी त्या राज्यातून पुरेशी माणसं मिळेनात, म्हणून भरतीवाले पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, ओहायो आणि थेट कॅनडापर्यंत फिरले. गुलामगिरीविरोधी चळवळीतले काळे नेते फ्रेडरिक डग्लस यांनी भरतीसाठी जाहीर आवाहन केलं आणि आधी आपलीच दोन मुलं दिली. थोरला लुइस पलटणीचा सार्जंट मेजर झाला. न्यू बेडफर्डचा जेम्स हेन्री गुडिंग व्हेलच्या शिकारी जहाजांवर काम केलेला माणूस. तो छावणीतून गावच्या वर्तमानपत्राला नेमाने पत्रं लिहायचा. अशा लोकांना कोणी ‘शिपाई बनवलं’ म्हणणं जरा जास्तच होतं.

कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ यांचं श्रेय मला कमी करायचं नाही. वय पंचवीस. ही कामगिरी त्यांनी आधी नाकारली होती, मग स्वीकारली, आणि वॅग्नरच्या तटावर ते मारले गेले. शत्रूने त्यांना त्यांच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. पुढे मुलाचा देह हलवू नका, तो तिथेच बरा आहे, असं त्यांच्या वडिलांनी कळवलं. एवढं मोठेपण पुरेसं आहे, त्यात उद्धारकर्त्याची भर घालायची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्या सदाचारी लोकांत न्यू बेडफर्डचे हे खलाशीही धरावेत, असं मला वाटतं.

वॅग्नरकडे वळू. साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेट आहे, त्यावर वाळूचा आणि ताडाच्या ओंडक्यांचा हा किल्ला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. १६ जुलैला ५४वी शेजारच्या जेम्स बेटावर लढली होती. त्यानंतर चिखलातून आणि पावसातून रात्रीची कूच, पोटात जवळपास काही नाही, आणि १८ जुलैच्या संध्याकाळी त्यांना हल्ल्याच्या अग्रभागी उभं केलं. दिवसभराच्या तोफमाऱ्याने किल्ला मऊ पडला असेल असा वरिष्ठांचा समज होता. प्रत्यक्षात आतली फौज वाळूखालच्या तळघरांत सुखरूप बसून होती. निशाण धरणारा पडला तेव्हा कार्नीने ते उचललं, तटावर नेलं, आणि माघारीच्या वेळी अंगात गोळ्या घेऊन, कधी चालत कधी गुडघ्यांवर सरपटत, ते परत आणलं. निशाण जमिनीला टेकू दिलं नाही, एवढंच त्याने सोबत्यांना सांगितलं. त्याला सन्मानपदक मिळालं ते १९०० मध्ये, सदतीस वर्षांनी.

पण ‘शेवटचा माणूस’ नाही. सुमारे सहाशे जण चालून गेले. मेलेले, जखमी, पकडले गेलेले आणि बेपत्ता धरून पावणेतीनशेच्या आसपास माणसांची हानी झाली. भयंकरच, पण पलटण उरली. मागून गोऱ्यांच्या पलटणीही गेल्या, त्याही कापल्या गेल्या. आणि किल्ला त्या रात्री पडलाच नाही. जवळपास दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर, सप्टेंबरच्या सुरुवातीला, दक्षिणेच्या फौजेने तो आपणहून सोडला.

सगळे वॅग्नरलाच मेले असं मानलं की पुढची दोन वर्षं पुसली जातात. २० फेब्रुवारी १८६४ रोजी फ्लोरिडात ऑलस्टी इथे फेडरल फौजेचा पराभव झाला, तेव्हा माघार झाकायला ५४वी पुढे झाली. वाटेत जखमींनी भरलेल्या आगगाडीचं इंजिन बंद पडलं, तर थकलेल्या शिपायांनी दोर बांधून ती गाडी मैलोन्मैल हातांनी ओढली. नोव्हेंबरात हनी हिलची लढाई. एप्रिल १८६५ मध्ये, दक्षिणेचे सेनापती ली यांच्या शरणागतीनंतर नऊ दिवसांनी, बॉयकिन्स मिलला त्यांची अखेरची झुंज. स्टीफन स्वेल्स हा त्यांचा सार्जंट लेफ्टनंट झाला. राज्यपालांनी नेमणूक दिल्यावरही युद्धखात्याने ती महिनोन्‌महिने अडवून ठेवली होती.

ऑलस्टीला लढाईत उतरताना पलटणीत एक आरोळी उठली होती: मॅसॅच्युसेट्सचा जयजयकार, आणि महिना सात डॉलरचाही! हा टोमणा कळला तर चौथ्या विधानाचं काय करायचं ते आपोआप कळतं.

भरतीच्या वेळी शब्द दिला होता की गोऱ्या शिपायाइतकाच पगार, महिना १३ डॉलर. कपड्यांचा भत्ता वेगळा. जून १८६३ मध्ये युद्धखात्याने आदल्या वर्षीच्या मिलिशिया कायद्यावर बोट ठेवलं. काळ्या माणसांना १० डॉलर, त्यातून कपड्यांचे ३ वजा. हातात सात. म्हणजे गोऱ्याला कपड्यांसाठी वर मिळायचे आणि यांचे कपड्यांसाठी कापायचे. तो कायदा मुळात छावणीत खणायला, ओझी वाहायला आणलेल्या माणसांसाठी केलेला होता, आणि खटकत होतं ते हेच.

पगार वाटणारा अधिकारी आला की पलटणीने नाही म्हणायचं. तो पुन्हा यायचा, पुन्हा नाही. शॉ जिवंत असताना त्यांनीही राज्यपालांना लिहिलं होतं की ठरलेले पैसे द्या, नाहीतर माणसांना मोकळं करा. मग मॅसॅच्युसेट्सने वरचा फरक राज्याच्या तिजोरीतून द्यायची तयारी दाखवली. शिपायांनी तेही घेतलं नाही. तेरा पुरे करून कोणी तरी द्यावेत हा प्रश्नच नव्हता. घरी बायकामुलांचे हाल चालले होते, तरीही. २८ सप्टेंबर १८६३ रोजी गुडिंगने थेट अध्यक्ष लिंकन यांना पत्र लिहून विचारलं: आम्ही शिपाई आहोत की मजूर?

याला ‘देशासाठी फुकट लढले’ म्हणणं म्हणजे संपकऱ्याला दानशूर ठरवणं. आणि यात जोखीम होती. याच भेदभावावरून तिसऱ्या साउथ कॅरोलायना पलटणीच्या सार्जंट विल्यम वॉकरने आपल्या लोकांना शस्त्रं खाली ठेवायला लावली. फेब्रुवारी १८६४ च्या शेवटच्या दिवशी जॅक्सनव्हिलला त्याला गोळ्या घातल्या, त्याच्याच बाजूच्या सैन्याने.

१५ जून १८६४ रोजी काँग्रेसने समान पगार मान्य केला, पण मेख ठेवून: भरतीच्या दिवसापासूनची पूर्ण थकबाकी फक्त १९ एप्रिल १८६१ रोजी स्वतंत्र असलेल्यांनाच. मग शॉ यांच्या जागी आलेल्या कर्नल हॅलोवेल यांनी शपथेचे शब्दच असे बेतले की त्या तारखेला आपण कोणाचंही फुकट श्रमाचं देणं लागत नव्हतो. गुलामीत जन्मलेलाही ती शपथ खरेपणाने घेऊ शकत होता, कारण कायदा काहीही म्हणो, तो कोणाचं असं काही देणं लागतच नव्हता. मला तरी या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत धारदार वाक्य हेच वाटतं.

अठरा महिन्यांचे पैसे सप्टेंबर १८६४ च्या अखेरीस आले. प्रश्न विचारणारा गुडिंग तेव्हा रांगेत नव्हता. ऑलस्टीला जखमी होऊन तो पकडला गेला होता आणि १९ जुलैला अँडरसनव्हिलच्या कैदखान्यात मरण पावला होता.