रिदम गिटारवाला पाहिजे. रिदमवालाच. सोलो मारणारा लीडवाला नको, मागे कॉर्डवर ठेका धरणारा.

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, जॅमपॅडच्या (तासावर भाड्यानं मिळणारी सरावाची खोली) तीन तासांचे पैसे माझ्या खिशातून गेलेत आणि अजून जेवण झालेलं नाही. भाषा जरा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

आज नववा मुलगा येऊन गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचा बँड म्हणजे पाच नोकरदार माणसं. सत्तर-ऐंशीच्या दशकातली हिंदी गाणी, थोडं फंक, थोडं डिस्को. महिन्याला दोन-तीन शो, कधी बाणेर-बालेवाडीकडचे पब, कधी कुणाच्या लग्नाच्या आदल्या रात्रीचं संगीत. मी बास वाजवतो. मार्चपासून आमच्याकडे रिदम गिटार नाही, कारण आधीचा मुलगा लग्न करून बंगळुरूला गेला. सुखी राहो बिचारा.

तर नववा. मुलगा गोड होता, आल्याआल्या सगळ्यांना नमस्कार वगैरे. पाठीवर गिटार, हातात सुटकेसएवढा पेडलबोर्ड, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायपेट्यांची फळी. तो उघडून वायरी जोडेपर्यंत बावीस मिनिटं गेली. मी मोजली, कारण पॅडवाल्याचं मीटर चालू होतं. मग त्यानं जे वाजवलं ते मला सात जन्मांत जमणार नाही. बोटं दिसत नव्हती. आमचा कीबोर्डवाला तर टाळ्याच वाजवायला लागला.

मी म्हटलं, फार छान. आता ई नाइन्थ कॉर्ड धर. मी आणि ड्रमर सुरू करतो, तू वरच्या तीन तारांवर नुसतं चक-चक करत राहा. दोन मिनिटं.

"मग पुढे?"

पुढे काही नाही रे. हेच.

पहिले आठ बार बरे गेले. नवव्याला त्यानं एक स्लाइड घातली. मग दोन सूर. मग एक छोटा लिक, म्हणजे सुरांचा तुकडा. चाळीसाव्या सेकंदाला स्वारी गिटारच्या बाराव्या घरावर, पार वरच्या सुरांत पोचली होती. आम्ही मिनिटाला 104 ठोक्यांच्या लयीवर सुरू केलं होतं, ड्रमर 104 वरच होता, आणि हा पुढच्या स्टॉपवर उतरून आमची वाट बघत होता. थांबवलं तर म्हणाला, "सर, पण यात मी काय वाजवतोय ते लोकांना कळणार कसं?"

मी काही बोललो नाही. म्हणून इथे बोलतोय.

नाही कळणार बाळा! कळू नयेच! लोकांना फक्त एवढंच व्हायला हवं की वडे-चटणीची प्लेट हातात असताना एका मावशींचा पाय आपोआप हलायला लागला. तेवढं झालं की तुझं काम झालं. तुला कुणी सेल्फीला बोलावणार नाही, आणि घरी आईला दाखवायला व्हिडिओही मिळणार नाही, कारण कॅमेरा गायिकेवर असणार.

नऊच्या नऊ जणांना लीड वाजवायचंय. जाहिरातीत मी मोठ्या अक्षरांत 'रिदम' लिहिलं होतं. एकानं तर फोनवर विचारलं, "म्हणजे लीड कोण वाजवतो ते आधी सांगा, मग ठरवतो." दुसरा म्हणाला, तो सध्या रिदम करेल, पण तीन महिन्यांनी प्रमोशनचं बघू. अरे, बँकेत लागलायस का?

आपल्या भाषेनंच घात केलाय, असं मला आज घरी येताना सिग्नलला थांबल्यावर वाटलं. 'काय तेच तुणतुणं लावलंय!' असं आपण म्हणतो. शिवी म्हणून म्हणतो. तुणतुणं म्हणजे काय हो? एक लाकडी पोकळ नळकांडं, खालून कातडं, एक तार, एक खुंटी. तमाशात ढोलकीवाला घाम गाळत असतो, बाई नाचत असते, आणि मागे एक माणूस रात्रभर त्या एका तारेवर तुण-तुण करत उभा असतो. गोंधळात संबळाशेजारी तोच, पोवाड्यात डफाशेजारी तोच. ती तुणतुण काढून घ्या आणि बघा, सगळा फड उघडाबोडका वाटायला लागतो. मला तो माणूस पाहिजे. इलेक्ट्रिक गिटारवर.

आता दिवाणजींबद्दल सांगतो. जुन्या मित्रांनी हे आधी ऐकलंय, त्यांनी पुढचा पॅरा सोडा.

1996. सांगली. मी एकोणीस वर्षांचा, ऑर्केस्ट्रात लीड गिटार, कॉलर वर. आमचे रिदमवाले पन्नाशीचे, दिवसा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. त्यामुळे सगळे त्यांना दिवाणजीच म्हणायचे. त्यांच्याकडे कलकत्त्याची जुनी गिव्हसन होती आणि तिची पट्टी पहिल्या पाच घरांपर्यंत पिवळी होती. हळदीनं. घामात भिजलेली बोटं रोज तिथेच फिरायची, पाचव्या घराच्या पलीकडे लाकूड कोरं करकरीत. आम्ही पोरं हसायचो. म्हणायचो, दिवाणजींच्या गिटारला वरचा मजला आहे हेच त्यांना माहीत नाही.

एका गणपतीत मी मालकांना सांगितलं की दिवाणजींच्या आवाजात माझी गिटार दबते. खरं तर दबत नव्हती. मालकांना एक नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचं मानधन, वाचवायचीच होती, त्यांनी दिवाणजींना दोन कार्यक्रम 'विश्रांती' दिली.

हे मी सांगायला नको होतं. बरं, जाऊ दे, लिहून गेलोय.

आणि तुम्ही म्हणाल, एवढं कोण रिदमवाल्याचं ऐकतं? फ्रेडी ग्रीन नावाचा माणूस 1937 मध्ये अमेरिकेतल्या काउंट बेसीच्या जॅझ ऑर्केस्ट्रात आला आणि 1987 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. बेसी स्वतः 1984 मध्ये गेला, तरी हा आपला खुर्चीवर. गिटारला अँप नाही, सोलो जवळजवळ नाहीत. चार मात्रा, चार आघात, आणि तेही असे की धरलेल्या कॉर्डमधला बहुतेक वेळा चौथ्या तारेवरचा एकच सूर नीट ऐकू यायचा. पन्नास वर्षं! मोठमोठे ब्रास वाजवणारे त्या एका सुरावर उभे राहायचे. फंकवाल्या जेम्स ब्राउनकडे जिमी नोलन होता, त्याच्या त्या खरवडण्याला लोक 'चिकन स्क्रॅच' म्हणायला लागले. रॉकवाल्यांनो, तुमच्या एसी/डीसीत धाकटा भाऊ शाळेचा युनिफॉर्म घालून उड्या मारायचा आणि माल्कम यंग मागे ड्रम्सपाशी उभा राहून अख्खा बँड हाकायचा. इतकं लांब कशाला जायचं? पंचमदांकडे भानू गुप्ता होते, रमेश अय्यर होते. रणजित गझमेरांचा मादल (नेपाळी ढोल) आणि ही गिटार एकमेकांच्या मधल्या जागेत कशा बसतात ते हेडफोन लावून ऐका एकदा. आपण पब्लिकला म्हणतो 'पंचमची गाणी वाजवतो', आणि पंचमच्या गाण्यातला निम्मा प्राण ज्या हातात आहे तो हात शोधायला निघालो की सगळे आपापलं डिस्टॉर्शन घेऊन येतात.

हं. मान्य, पैसे कमी आहेत. एका शोचे जे मिळतात त्यात पेट्रोल आणि तारांचा सेट जाऊन फार उरत नाही, आणि सोलोची रील टाकली की निदान शिकवण्या तरी मिळतात. पोरांचं चुकतं असं नाही. पण मग 'मला ग्रूव्ह फार आवडतो' असं जाहिरातीखाली लिहू नका ना!

आणि कीबोर्डवर गिटारचा टोन टाका, ट्रॅक लावा, असं सुचवणाऱ्या माझ्या दोन लाडक्या मित्रांनो, हो, करता येतं. गेले सहा महिने तेच करतोय. गायिकेला एक अंतरा जास्त घ्यावासा वाटला की ट्रॅक थांबत नाही, एवढंच. मागच्या शोला ट्रॅक पोचला समेवर आणि आम्ही अजून वाटेत.

दिवाणजींशिवाय दोन कार्यक्रम झाले. दुसरा सांगलीतल्याच विश्रामबागला होता. तेव्हा रात्री दहाचा नियम यायचा होता, बाराबारापर्यंत चालायचं. मी मनसोक्त वाजवलं. पहिल्या मध्यंतरात ढोलकवाले मामा बिडी पेटवत म्हणाले, "काय कळंना बघ. हात जड झाल्यात माझं." ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. दुसऱ्या भागात मलाही कळलं. ढोलक 'धा' बोलायची आणि पुढे भोक. त्या भोकात मी एक लांबलचक तान टाकायचो. समोर नाचणारी पोरं तान ऐकायला थांबायची. नाचणं थांबवून ऐकायची! मला तेव्हा वाटलं, काय भारी.

त्या कार्यक्रमाची कॅसेट ऐकली तेव्हा समजलं.

तिसऱ्या दिवशी मालकांनी मलाच पाठवलं, जा, घेऊन ये त्यांना. अडतीवर गेलो. पोत्यांचे ढीग, हवेत पिवळी धूळ, नाक चुरचुरतंय. दिवाणजी वही लिहीत होते. रागावले नाहीत. मला बसवलं, माझी गिटार घेतली, खिशातून रुमाल काढला आणि पहिल्या घरापाशी सगळ्या तारांवरून करकचून बांधला. आता एकही सूर निघणार नाही. नुसतं चक. चक. म्हणाले, "आता वाजीव. सूर न्हाई तर लपशील कुटं?"

तीन तास. हमाल पोती टाकत होते, त्या आवाजावर. एकदा हात खाली, एकदा वर, वरचा हलका. थांबायचं कुठे ते आधी, वाजवायचं कुठे ते नंतर. उजवा हात कधीच थांबू द्यायचा नाही, तार लागो न लागो तो खाली-वर जातच राहिला पाहिजे, हे मला त्या दिवशी समजलं. नंतर कितीतरी वर्षांनी डिस्को-फंकचा रिदमवाला नाइल रॉजर्स, त्याचा हात पडद्यावर पाहिला तेव्हा पहिल्यांदा काय आठवलं असेल तर हळदीचा वास.

त्यांच्याबरोबर एसटीनं तासगावला, इस्लामपूरला कार्यक्रमांना जायचो. पावसात वायपर सुरू झाला की दिवाणजी त्याच्या मधल्या मधल्या मात्रेवर मांडीवर बोटं मारत बसायचे. तासभर. झोप लागली तरी बोटं चालू. आम्ही पोरं मागच्या सीटवर त्यांच्या नकला करायचो. रुमालानंतरही करायचो, खोटं कशाला बोलू. त्या दोन नाइट्सबद्दल मी त्यांना कधी काही बोललो नाही, आणि आता बोलायला ते नाहीत. पुढच्याच वर्षी मी लीड सोडून बासवर आलो, ते कशामुळे हे निदान त्यांना कळलं असावं.

भूक लागली आहे म्हणून असेल, राग गेला. त्या आजच्या पोराचंही काय चुकलं? एकोणिसाव्या वर्षी मी त्याच्यापेक्षा वाईट होतो, आणि माझ्याकडे एवढी बोटंही नव्हती. त्याला कुणी रुमाल बांधून दिला नसेल. (मी द्यायला हवा होता का? मीटर चालू होतं हो.)

एक गोष्ट मात्र राहिली. त्याच्याबरोबर त्याची बहीण आली होती, पेडलबोर्ड उचलायला. कोपऱ्यातल्या बंद अँपवर बसली होती. ती दोन मिनिटं चालू असताना माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. मांडीवर दोन बोटं, बरोब्बर ड्रमरच्या हाय-हॅटच्या (पायानं मिटणाऱ्या झांजांच्या) मधल्या जागेत, आणि भाऊ पळायला लागला तरी ती जागची हलली नाही. निघताना विचारलं, तर एका पथकात चार वर्षं ताशा वाजवते. गिटार? "नाही काका, मला फक्त ही उचलता येते."

माझी जुनी गिटार तिच्याकडे दिली आहे. रुमालासकट.

पण तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, आणि तोपर्यंत ताशेवालीला ई नाइन्थ जमेल एवढा आशावादी मी नाही. तेव्हा पुण्यात कुणी असेल, शनिवार-रविवार मोकळा, एक कॉर्ड दोन मिनिटं धरणारा किंवा धरणारी, तर इनबॉक्समध्ये या. वयाची अट नाही. पेडलबोर्ड घरी ठेवा.

भाऊ तयार झाला तर त्यालाही पुन्हा बोलावतो. पण या वेळी मीटरच्या आधी.