हुबळीचे देशपांडे आणि पार्क चौकातला वाद

सायंकाळी सोलापूरच्या पार्क चौकातल्या कट्ट्यावर, मूळचे हुबळीचे आणि अमेरिकेत उद्योजक झालेले गुरुराज देशपांडे यांचा विषय मास्तरांनीच काढला, आणि तोही सवयीप्रमाणे शेअरच्या भावापासून. ऑक्टोबर १९९९ मध्ये सायकॅमोर नेटवर्क्स या त्यांच्या फायबर जाळ्यांची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीचा ३८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी १८४ च्या वर बंद झाला, पुढे दूरसंचार कंपन्यांनी गरजेपेक्षा जास्त फायबर पुरून उपकरणांची खरेदीच थांबवली, आणि २०१३ मध्ये भागधारकांनी कंपनी गुंडाळायला संमती दिली, हा पाढा त्यांनी एका दमात म्हटला. "उरल्या पैशाचे दान कोणीही करतो," असा निकालही देशपांडे यांच्या समाजकार्यावर देऊन टाकला.

"मास्तर, उरलेली शेंगाचटणी तुम्ही पुडीत बांधून घरी नेता," अण्णा म्हणाले, "तुमच्याकडून दान होणार कधी?"

हशा ओसरल्यावर अण्णांनी तारखा मांडल्या आणि माझ्या मते वाद तिथेच मिटला. देशपांडे दाम्पत्याने समाजकार्यासाठी फाउंडेशन काढले १९९६ मध्ये. कॅस्केड ही त्यांची आधीची कंपनी ३.७ अब्ज डॉलरला विकली गेली १९९७ मध्ये, आणि सायकॅमोरचा तर तेव्हा पत्ताही नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले देशपांडे केंद्र २००२ चे, म्हणजे शेअर रसातळाला गेल्यानंतरचे. तिथे संशोधन करणाऱ्या प्राध्यापकाला पैसा मिळतोच, शिवाय उद्योग केलेला अनुभवी माणूस सोबत दिला जातो.

"गिरणी बंद पडली तेव्हा साचेखात्यातल्या माणसाने पुढे काय करावे, हे सांगायला आमच्याकडे एक माणूस फिरकला नाही," अण्णा म्हणाले. त्यावर कोणी बोलले नाही.

मग यंत्रमागवाल्या मालकांनी जुनेच दुखणे काढले: उद्योगपती वालचंद हिराचंद जन्मले सोलापुरात, विमानांचा कारखाना मात्र १९४० मध्ये बंगळुरात काढला, देशपांडे अमेरिकेतून हुबळीकडे वळले, हा फरक मोठा. मास्तर उसळले आणि शाळेत मालकांना गणितात पडलेले गुण त्यांनी चौकात पुन्हा जाहीर केले.

अण्णांनी शांतपणे मोबाइल पुढे केला. धारवाड जिल्ह्यात बहिणीच्या शेतात फाउंडेशनच्या मदतीने खोदलेले शेततळे होते: काळ्या मातीचा उभा कड, तळाशी गढूळ पाणी, काठापर्यंत आलेला हरभरा. मास्तरांनी चष्मा वर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला.

"हुबळीची गाडी किती वाजता असते?" त्यांनी विचारले.

"तिकीट तुमचे तुम्ही काढा," अण्णा म्हणाले, "चटणी माझ्याकडून."