सिएम रीपमध्ये टुकटुकवाल्याला कसं वापरून घ्यावं

कंबोडियात सिएम रीपला निघालात? व्वा. तिथलं अंगकोर म्हणजे काही एकच देऊळ नाहीये, जुन्या देवळांचा 400 चौरस किलोमीटरचा पसारा आहे, तेव्हा टुकटुकवाला तर लागणारच. त्याच्याशी वागायचं कसं याचा फुल कोर्स मी मागच्या महिन्यात आमच्या डोंबिवलीच्या ग्रुपमधल्या एका काकांकडे फुकटात केला, तोच तुम्हाला फुकटात देते.

आधी भाव. तो दिवसभराचे 20 डॉलर म्हणाला की मोठ्याने हसायचं, बायकोकडे बघून पण हसायचं, आणि "नो नो माय फ्रेंड, लास्ट प्राइस" म्हणत थेट 8 वर यायचं. आता आदल्याच दिवशी अंगकोरच्या पासचे माणशी 37 डॉलर, सहा जणांचे 222, आपण मुकाट मोजलेले असतात, तिथे माय फ्रेंड वगैरे कोणी आठवत नाही कारण काचेपलीकडे कम्प्युटर असतो आणि तो ऐकत नाही. मर्दुमकी दाखवायची ती मोटारसायकलला मागून गाडा जोडून पोट भरणाऱ्यापुढे. काकांनी हॉटेलच्या दारात 25 मिनिटं लावून 20 चे 14 केले. म्हणजे माणशी एक डॉलर वाचला हो, एक! संध्याकाळी पब स्ट्रीटवर त्याच्या चौपट पैसे कॉफीला घातले आणि वर "अँबियन्स मस्त आहे" म्हणाले.

टुकटुकमध्ये चार जण नीट बसतात, म्हणून सहा बसवा. एकाला त्याच्या मागे बाइकवर टाका, ती सीट रिकामीच असते.

बर्फाच्या पेटीत तो तुमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या ठेवतो. त्या संपवा. उरल्या तर बॅगेत.

देवळात आत येऊन माहिती सांगत नाही म्हणून चिडायला विसरू नका. गाइडचं लायसन्स वेगळं असतं, ड्रायव्हरला आत गाइडगिरी करता येत नाही असं तो सांगेल, तुम्ही "टाळतोय" असं मराठीत म्हणा.

ठरलं होतं ते अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोह्म ही तीन देवळं, तिथे ज्याला स्मॉल सर्किट म्हणतात ते. पण दुपारी दोनला झाडाखाली नारळपाणी पिताना काकांना कुठल्याशा व्हिडिओतलं बांते स्रेईचं देऊळ आठवलं. "इथेच आहे ना, जाता जाता करू." जाता जाता! गावापासून 35 किलोमीटर, एका बाजूने, टुकटुकने तास-सव्वा तास, आणि त्याचे सगळे जण वेगळे पैसे घेतात. तो बिचारा बोटांनी दाखवत होता, फार, फार, एक्स्ट्रा पेट्रोल, तर ह्यांचं "सेम रोड, नो एक्स्ट्रा". शेवटी नेलं त्याने. हजार वर्षांपूर्वीचं गुलाबी दगडातलं कोरीवकाम, बघत राहावं असं, आणि काका तिथे 20 मिनिटं, त्यातली निम्मी बाथरूमच्या लाइनीत.

हो, अंगकोर थोम या जुन्या तटबंदीच्या शहराच्या दक्षिण दरवाज्याशी 54 देव आणि 54 असुर नाग ओढताना दिसतात. "समुद्रमंथन! सगळं आपलंच आहे हो," इति काका. आपलंच तर. सकाळी हॉटेलच्या दारात दुसरं काय चाललं होतं, फक्त विष कोणी प्यायलं ते काकांनी विचारलं नाही.

पैसे देताना जरा फाटकी नोट शोधा. कंबोडियात फाटका डॉलर कोणी घेत नाही, म्हणून ती अंधारात घडी घालून द्यायची.

आता मेन गोष्ट, सनराइज. अंगकोर वाटचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य कळसांच्या मागून वर येतो आणि डावीकडच्या तळ्यात सगळं उलटं दिसतं. गेट पाचला उघडतं, म्हणजे हॉटेलहून साडेचारला निघायचं, म्हणजे त्याने घरून किती वाजता निघायचं ते तुम्हीच काढा. त्याला हातावर हात मारून "टुमॉरो, फोर थर्टी, पक्का" सांगा. मग रात्री टुकटुकमध्ये धूळ लागते असा साक्षात्कार होऊ द्या आणि रिसेप्शनला सांगून एसी गाडी बुक करा, दोन डॉलर जास्त देऊन. हो, जास्त देऊन! आणि पहिल्याला कळवू नका.

का नाही कळवायचं? नंबर होता ना काकांकडे? व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवता येतात अख्ख्या खानदानाला, आणि "नो कम" एवढं टाइप करता येत नाही? त्याला पहाटेचं दुसरं गिऱ्हाईक मिळालं असतं ना, दिवसात पहाट काय तीनदा होते का? घरची कामवाली एक दिवस न सांगता आली नाही तर सोसायटीच्या ग्रुपवर चार दिवस रडारड करता, तेव्हा बरं कळतं सांगायचं असतं म्हणून. कोविडमध्ये त्या गावात दोन वर्षं टुरिस्ट नव्हता, चिटपाखरू नव्हतं, त्यातून तगून उभी राहिलेली माणसं आहेत ती, आणि तुम्ही परदेशात जाऊन आपली लाज काढता, वर गाडीत बसून "वसुधैव कुटुंबकम". लाज वाटू द्या जरा.

सव्वाचारला तो गेटबाहेर उभा होता. फडक्याने सीटा पुसत होता. काका म्हणाले, "तिकडे बघू नका, चला चला," आणि आम्ही सहाही जण मान खाली घालून एसी गाडीत बसलो. मीसुद्धा. तोंडातून शब्द फुटला नाही माझ्या, इथे लिहायला मात्र बरे फुटतायत.

साडेआठला परत आलो तर तो गेला होता. सहापर्यंत थांबला होता म्हणे, वॉचमनने सांगितलं. काका म्हणाले, "बघा, गेला ना? म्हणूनच मी दुसरी गाडी केली. ह्या लोकांचा काही भरवसा नसतो."